रूटचा पासवर्ड कोणाकडे?

मंगळवार, ६ मे २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. भिंतीवरच्या घड्याळात ११.२०, माझ्या मनगटावरच्या घड्याळात ११.१९. भिंतीवरचं धरते, साक्षीदार त्याच्याखाली बसले होते.

या वेळी, भद्रावतीच्या आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाच्या दवाखान्यात, कंपाउंडर नानाजी आणि सतरा पेशंट यांच्या डोळ्यांदेखत सेक्रेटरी भैयाजींनी सर्व्हरचा रूट पासवर्ड माझ्याकडून काढून घेतला आणि फरहतच्या हातात दिला. फरहतच्या! माझ्या हाताखाली वीस वर्षं काम केलेली बाई. तिला माऊस धरायला मी शिकवलं. पहिल्या दिवशी ती तो टेबलावरून उचलून हवेत फिरवत होती.

रूट म्हणजे त्या मशीनचा मालक. बाकीचे सगळे भाडेकरू. नऊ वर्षं मी मालक होते. आज ११.२० पासून भाडेकरू.

कारण काय, तर सकाळी सात वाजता सर्व्हर बंद होता. बंद नव्हता, मी त्याला अपडेट देत होते. मंगळवारी नागपूरहून हाडांचे डॉक्टर येतात, त्यांची चाळीस टोकनं असतात, सातला मोबाइलवर बुकिंग उघडतं, हे मला ठाऊक नाही का? सगळी सिस्टीम मी बसवलेली. अपडेट दहा मिनिटांचं होतं. ते सव्वातीन तास चाललं यात माझा काय दोष?

भैयाजी फोरमन म्हणून निवृत्त झाले, बोलणं अजून फोरमनचंच. म्हणाले, "कोंडावार बाई, तुमी काऊन एवढ्या तापून राह्यल्या? पासवर्ड हाय, सातबारा नाई."

संकल्प: महिन्याभरात पासवर्ड परत मिळवायचा. तोवर फरहतशी अबोला.

बुधवार, ७ मे

अबोल्याचा पहिला दिवस. सकाळी नऊला फरहतचा फोन. म्हणाली, मॅडम, पासवर्ड तुमचाच आहे, मी फक्त सांभाळते आहे. किती गोड! मी कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढली, एकदाही गोड बोलले नाही. सेक्शन उत्तम चाललं.

अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, अबोला आहे हे तिला सांगायचंच राहिलं.

शनिवार, १० मे

४५ डिग्री. शेजारच्या आशाबाई बर्फ मागायला आल्या आणि फरहतचं कौतुक करून गेल्या. फरहतबाईनं म्हणे त्यांच्या मोबाइलमध्ये बुकिंगचं बटण पहिल्याच पानावर आणून दिलं. मी विचारलं, मागच्या वर्षी मी तुम्हाला दोन तास शिकवलं ते काय होतं?

"शिकवलं ना बाई, नाई कोण म्हणते? पण तुमी शिकवता तवा मले वाटते माही परीक्षा चालू हाय."

हे मी कौतुक म्हणून घेतलं आहे. बर्फ कमी दिला.

मंगळवार, १३ मे. सकाळी ७.०४

बसला! फरहतच्या हातात आठवडा झाला नाही आणि सर्व्हर बसला!

मला आनंद झालेला नाही. दुसरा चहा केला तो सवयीने.

सकाळी ९.००. कारण शोधून काढलं. मंडळाचे सभासद चोवीसशे. निवृत्त माणूस चारला उठतो, पाचला आंघोळ करतो आणि पावणेसातपासून बटणावर बोट ठेवून बसतो. सात वाजले की सगळी बोटं एकदम पडतात. डेटाबेसची परवानगी एका वेळी शंभर जणांची. एकशे एकाव्याला तो इंग्रजीत कळवतो, क्षमस्व, आधीच फार जण आत आहेत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर उशिरा येणाऱ्या मुलींच्या तोंडावर दार लावताना अगदी असंच बोलायच्या.

माझ्या काळातही हे व्हायचं, पण माझ्या काळात लोक बोलून दाखवत नसत.

उपाय साधा आहे. चोवीसशे सभासद, तर चोवीसशे खुर्च्या. शंभर पाहुण्यांना. मर्यादा अडीच हजार करा. भैयाजींना पत्र दिलं, दोन प्रतींत, पोच घेऊन.

शुक्रवार, १६ मे. दुपारी ३.३०

माझं पत्र मान्य झालं. फरहतने सकाळी मर्यादा अडीच हजार केली आणि डेटाबेस उठेनाच. कारण विचारलं तर म्हणे, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. फरहतने डिस्क तपासली, निम्म्याहून जास्त रिकामी. तरी बिचारीने दुपारपर्यंत जुने एक्स-रे पेन ड्राइव्हवर हलवले. मग मला फोन केला. (अबोला मोडला. मंडळाच्या हितासाठी.)

मी हसले. फार नाही. मग इस्त्रीची साडी नेसून गेले.

उभ्यानेच समजावून सांगितलं. डिस्कचा इथे काही संबंध नाही. संपले आहेत ते सेमाफोर. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी एकाच कागदाला हात घालू नये म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, झेंडे वाटतो. ज्याच्या हातात झेंडा त्याने काम करायचं, दुसऱ्याने थांबायचं. झेंडा म्हणजे सेमाफोर. कर्नलकडे त्यांचे गठ्ठे मोजके असतात. आपला हा जुना डेटाबेस एका गठ्ठ्यावर सोळा जण बसवतो. अडीच हजारांना, आणि त्याच्या घरच्या थोड्या माणसांना, मिळून लागतात एकशे अठ्ठावन्न गठ्ठे. कर्नलची मर्यादा एकशे अठ्ठावीस. गठ्ठे संपले की तो जागा नाही म्हणतो.

फरहतने सगळं वहीत उतरवून घेतलं. वर विचारलं, "पण मॅडम, झेंडे संपले तर झेंडे संपले म्हणावं ना त्याने, जागा नाही काऊन म्हणते?" मी म्हटलं, तुला प्रश्न विचारायला बोलावलेलं नाही. खरं म्हणजे मला तिनेच बोलावलं होतं.

कर्नलचे चार आकडे असतात: २५०, ३२०००, ३२, १२८. बदलायचा तो शेवटचा. पासवर्ड तिच्याकडे म्हणून कीबोर्डवर ती, मागे उभी मी. एकशे साठ केला असता तरी भागलं असतं. मी ४०९६ सांगितला. मी चिंधीकाम करत नाही. तीन वाजून दोन मिनिटांनी डेटाबेस उठला. नानाजींनी टाळ्या वाजवल्या. कोणाकडे बघून वाजवल्या ते नीट दिसलं नाही.

जाता जाता फरहत म्हणाली, मॅडम, हा आकडा फक्त चालू मशीनला कळला आहे, सेटिंगच्या फाइलमध्येही लिहून ठेवू का? रीस्टार्ट झालं तर जाईल. मी म्हटलं, फाइलमध्ये लिहून ठेवतात ती विसरणारी माणसं. आकडा माझ्या डोक्यात आहे. इथेही लिहिते: ४०९६. आणि तू रीस्टार्ट करू नकोस म्हणजे झालं.

ती "बरं" म्हणाली. तिचा हा एक गुण मान्य केला पाहिजे. ऐकते.

शनिवार, १७ मे

पासवर्ड परत देण्याबद्दल भैयाजींचा फोन नाही. फोन बिघडला नाही ना म्हणून आशाबाईंकडून मिस्ड कॉल मागवला. वाजतो.

आशाबाई म्हणाल्या, सगळ्या कॉलनीत चर्चा आहे, फरहतबाईनं मशीन उठवलं. उठवलं मी! तिची फक्त बोटं होती.

लोक मला जळकी म्हणतात असं कानावर आलं. हास्यास्पद. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करतात.

मंगळवार, २० मे. सकाळी ७.४५

ऐतिहासिक दिवस. सातच्या ठोक्याला बुकिंग उघडलं आणि एकाही सभासदाला बाहेर ठेवलं नाही. सगळे आत!

आत गेल्यावर सगळ्यांच्या मोबाइलवर एक चकरी फिरत राहिली. पहिलं टोकन ७.३१ ला मिळालं. मशीनला मेमरी कमी पडली म्हणतात. मेमरी हा वेगळा विषय आहे. सेमाफोर मी दिले होते, ते कमी पडले नाहीत.

भैयाजी म्हणाले, "बाई, दार तं तुमी मोठं केलं. पण आत बसाले जागा कुठी हाय?" फोरमन माणूस. त्याला कर्नल काय कळणार?

मला टोकन मिळालं नाही. चाळीस संपली होती. गुडघा दुखतो आहे, पण तो वेगळा विषय.

गुरुवार, २२ मे

फरहतचा चष्मा नवा. चांगला दिसतो. तिला शोभेल असं काही नाही, पण दिसतो चांगला.

दवाखान्यात सहज डोकावले. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांगत होती, काका, हे मला माहीत नाही, बघून उद्या सांगते. मला माहीत नाही! भर दवाखान्यात! मी एकतीस वर्षांत हे वाक्य उच्चारलं नाही. गृहस्थ "चालते ना बेटा" म्हणून खुशीत निघून गेले. लोकांना अज्ञानच आवडतं.

सोमवार, २६ मे. दुपारी ४.००

दोन वाजता लाइट गेले. ४६ डिग्री, पंखा बंद, मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. नानाजींचा फोन, यूपीएस अकरा मिनिटांत झोपला. मार्चमध्ये नवीन बॅटरी घेऊ म्हणत होते, मीच नको म्हटलं होतं. जुनी उत्तम होती.

३.४० ला लाइट आले. मशीनही आपोआप चालू झालं म्हणे. बाकी आज लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, २७ मे. सकाळी ९.१५

डेटाबेस मेलेला! तीच तक्रार, जागा नाही! आणि शेवटचा आकडा पुन्हा १२८! माझा ४०९६ कोणीतरी पुसला!

तर्क सरळ आहे. आकडा रूटशिवाय बदलता येत नाही. रूटचा पासवर्ड एकाच व्यक्तीकडे आहे. ही व्यक्ती नवा चष्मा लावते.

रिक्षा करून दवाखान्यात गेले. व्हरांड्यात तीस-पस्तीस माणसं उभी होती, गुडघे धरून, कंबर धरून. त्या सगळ्यांसमोर म्हटलं, फरहत, माझा आकडा तू पुसलास.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तेव्हा माझ्याही लक्षात आलं, काल लाइट गेले होते.

मी तिच्या बोलण्याची वाट बघितली. आता ती सांगणार, फाइलमध्ये लिहू का म्हणून विचारलं होतं, मॅडमनीच नको म्हटलं. माझं उत्तर तयार होतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे, मॅडम. मी फाइलमध्ये लिहून ठेवायला पाहिजे होतं."

एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

हा कसला डाव? माणसाने निदान भांडावं! नानाजींनी तिला खुर्ची दिली, एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली. "जाऊ द्या ना फरहतबाई, होते कदी कदी." मी तिथेच उभी होते. मला पाणी नाही.

दुपारी १.००. शांतपणे विचार केला. नको म्हटलं होतं, हे खरं. पण रूट तिच्याकडे होता. माझं ऐकायला तिला सांगितलं कोणी?

शनिवार, ७ जून

बकरी ईद. दुपारी फरहत स्वतः डबा घेऊन आली. मी मांसाहार करत नाही म्हणून वेगळी भाजीची बिर्याणी, वेगळ्या पातेल्यात केलेली. हे तिला आठवण करून द्यावं लागलं नाही. दर वर्षी आणते, पण या वर्षी आणायची काय गरज होती? या वर्षी आणणं म्हणजे टोमणा.

दोनदा घेतली. तपासायला. मीठ बरोबर. मीठसुद्धा!

डबा रिकामा परत करायचा नसतो. कैरीचं लोणचं भरून दिलं. मागच्या वर्षीचं. यंदाचं चांगलं झालं आहे.

मंगळवार, १० जून. सकाळी ८.००

मागच्या मंगळवारी डॉक्टर रजेवर होते, तेवढ्यात फरहतने नवीन योजना काढली. ऐकून हसायला येतं. कॉलनीचे दहा गट. पहिल्या गटाचं बुकिंग सातला, दुसऱ्याचं सात-चारला, तिसऱ्याचं सात-आठला, असं दर चार मिनिटांनी. प्रत्येक गटाला चार टोकनं. दर आठवड्याला गटांचा क्रम फिरणार. मर्यादा पुन्हा शंभरावर. कर्नलचे चारही आकडे होते तिथेच, १२८ सह. हातसुद्धा लावला नाही!

ही काय विद्या आहे? ही रांग आहे! एकाचं होऊ द्या, मग दुसऱ्याने या. हे रेशन दुकानदारालाही जमतं.

माझा गट या वेळी शेवटचा. ७.३६. सेवाज्येष्ठतेचा विचार नाही. ७.३६ ला बटण दाबलं, वीस सेकंदांत टोकन आलं. नंबर ३८. एवढ्या झटपट आलं की आधी खोटंच वाटलं. आशाबाई ओट्यावरून ओरडल्या, "बाई, भेटलं का? मले त पयलंच भेटलं!"

दुपारी २.००. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. नोंदवण्यासारखं नाही.

रविवार, १५ जून

आलापल्लीच्या निवृत्तांच्या एका मंडळाने फरहतला बोलावलं होतं. दहा गटांची योजना समजून घ्यायला. चंद्रपूरपर्यंत लाल एसटी, पुढे दुसरी एसटी, जंगलातून आणखी साडेतीन तास. एवढ्या लांब मला कोणी बोलावलेलं नाही. जवळही बोलावलेलं नाही. सागवानी पेनस्टँड दिला तिला. घरी आणून दाखवला. जड आहे, पॉलिश सुरेख.

म्हणाली, मॅडम, तिथे मी सगळ्यांना सांगितलं, मी जे काही शिकले ते तुमच्याकडून. मी म्हटलं, आलापल्लीत सांगून काय उपयोग? तिथे मला ओळखतं कोण? इथे सांग, भद्रावतीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात.

ती म्हणाली, "इथे तर रोजच सांगते, मॅडम."

खोटं बोलत असावी. उद्या आशाबाईंना विचारते.

सोमवार, १६ जून

विचारलं. रोजच सांगते म्हणे.

याने काही बदलत नाही. पासवर्डचा मुद्दा कायम. महिना उलटून गेला, मी दिलेली मुदत संपली.

शुक्रवार, २० जून. सायंकाळी ६.१५

भैयाजी घरी आले. हातात बंद पाकीट. वर मोठ्या अक्षरांत: रूट.

"घ्या बाई, तुमची अमानत. फरहतबाई म्हणे, म्याडमच्या लय जिवाले लागलं हाय, देऊन टाका त्यायचं त्याइले."

पंचेचाळीस दिवसांनी न्याय! चहा केला. भैयाजी अर्धा कप पिऊन उठले. नजर देत नव्हते. शरम वाटत असणार, वाटायलाच हवी.

पाकीट कपाटात, चांगल्या साड्यांच्या मध्ये. संकल्प:

सोमवारी अकराला सगळ्यांसमोर लॉगिन करायचं. कर्नलचा शेवटचा आकडा ४०९६, या वेळी फाइलमध्ये. (ही कल्पना माझीच.) मर्यादा अडीच हजारांऐवजी पाच हजार. मेमरी वाढवून घ्यायची. दहा गट रद्द. फरहतला माफ करायचं, पण चारचौघांत, म्हणजे तिला कळेल.

शनिवार, २१ जून

पाकीट दोनदा बाहेर काढून बघितलं. फोडलं नाही. अक्षर फरहतचं आहे. वळणदार.

सोमवार, २३ जून. दुपारी १२.४०

अकराला पोचले. इस्त्रीची साडी. व्हरांड्यात माणसं पुरेशी होती. नानाजींना म्हटलं, जरा बाजूला व्हा. खुर्ची ओढली, पाकीट सगळ्यांना दिसेल असं फोडलं, पासवर्ड टाइप केला. एंटर.

स्क्रीन काळी. पुन्हा टाइप केला. पुन्हा काळी. चष्मा पुसून पुन्हा.

नानाजी शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "म्याडम, त्याची वायर तं मागच्या मंगळवारीच काढली. आता गटागटानं लोकं येते ना, मंग माह्या ल्यापटॉपवरच सगळं होऊन जाते. एवढ्याले कायले पाह्यजे मोठं मशीन? त्या प्लगात कूलर लावला. पेशंटाइले हवा लागून राह्यली."

मी मशीनच्या मागे वाकून बघितलं. वायर गुंडाळून, रबर लावून ठेवली होती. नीट. असं नीट कोण ठेवतं ते विचारलं नाही.

व्हरांड्यातून कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फरहतने पाण्याचा ग्लास आणून दिला. प्यायले. तहान लागली होती.

घरी येऊन पत्राचा मसुदा:

मा. सेक्रेटरी यांस. दि. २० जून रोजी सायंकाळी ६.१५ वाजता आपण ज्या मशीनचा रूट पासवर्ड सन्मानपूर्वक माझ्या स्वाधीन केला, ते मशीन त्या वेळी तीन दिवस बंद पडलेलं होतं, हे आपल्याला माहीत होतं की नव्हतं? ते पुन्हा कधी जोडणार? जोडणार नसाल, तर सदर पासवर्ड मी नेमका कुठे टाइप करावा? या तीन प्रश्नांचं उत्तर लेखी, आपल्या सहीनिशी, सोमवार दि. ३० जून २०२५, सायंकाळी पाच वाजेच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोनवर चालणार नाही. आणि उत्तर फरहतकडून लिहून घेऊ नये. तिचं बरोबर निघतं.